अंड्याचं पहिलं मिनिट

अंडं आणि शुक्राणू एकत्र आले की नवा जीव तयार होतो, एवढं माणसाला बऱ्याच आधीपासून माहीत होतं. पण एकत्र येऊन ते नेमकं करतात काय, याबद्दल एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत निरीक्षणं अर्धवट आणि तर्कच जास्त होते. कुणी म्हणे, शुक्राणू अंड्याला नुसता जागं करतो. कुणी म्हणे, तो आत शिरून विरघळून जातो. १८७५ साली ऑस्कर हर्टविग हा तरुण जर्मन संशोधक भूमध्य समुद्राच्या काठी सूक्ष्मदर्शक घेऊन बसला. फलित अंड्यात त्याला एक नाही, दोन केंद्रकं दिसली. ती एकमेकांकडे सरकत गेली आणि एक झाली. त्यातलं एक आईकडून आलेलं, दुसरं बापाकडून. प्रत्येक मुलात आईबाप दोघांचा वाटा कसा येतो, या प्रश्नाचं पहिलं स्वच्छ, डोळ्यांनी पाहिलेलं उत्तर हे होतं. ते मिळालं सी-अर्चिन या प्राण्याच्या अंड्यातून.

सी-अर्चिन खडकांच्या कपारीत आणि समुद्रतळाशी राहतो. अंग गोल, त्यावर सगळीकडे काटे, आणि पाठीचा कणा नाही. तारामासा आणि सागरी काकडी त्याचे भाऊबंद. या सगळ्या कुळाला कंटकचर्मी म्हणतात. त्याला डोकं नाही, मेंदू नाही. तरीही गेल्या दीडशे वर्षांत आपल्या स्वतःच्या जन्माबद्दल आपल्याला जे मूलभूत ज्ञान मिळालं, त्यातला फार मोठा भाग या प्राण्याने दिला आहे, आणि मला वाटतं त्याचं श्रेय त्याला पुरेसं मिळालेलं नाही.

संशोधकांनी हाच प्राणी धरला, त्याला व्यवहारी कारणं होती. मादीच्या अंगात पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण टोचलं की काही मिनिटांत ती अंडी सोडायला लागते. एका मादीकडून लाखो अंडी मिळतात, प्रत्येकाचा व्यास मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. अनेक जातींची अंडी इतकी पारदर्शक असतात की आतलं सगळं दिसतं. काचेच्या भांड्यात समुद्राचं पाणी घ्यायचं, त्यात अंडी सोडायची, वर पातळ केलेल्या वीर्याचा एखादा थेंब टाकायचा. जवळजवळ सगळी अंडी एकाच वेळी फलित होतात आणि पुढे एकाच वेळी दुभंगतात. हे फार मोलाचं आहे. एका अंड्यातलं रसायन मोजायला ते फार थोडं असतं. पण एकाच तालात चालणाऱ्या लाखो अंड्यांतलं मोजता येतं. शिवाय आपल्यासारख्या सस्तन प्राण्यांचं अंडं बाहेर पडताना त्याचं स्वतःचं विभाजन अर्ध्यावर थांबलेलं असतं. सी-अर्चिनचं अंडं ते काम आटोपून मगच समुद्रात उतरतं, त्यामुळे फलनानंतर जे दिसतं ते फलनाचंच असतं.

समुद्रात मात्र हे काम भांड्यातल्यासारखं सोपं नाही. नर आणि मादी आपापलं बीज पाण्यात सोडून देतात, आणि पाणी ते दूर नेतं. म्हणून अंड्याभोवतीच्या जेलीतून एक रासायनिक खूण सुटत असते. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या अर्बेशिया या जातीत ती फक्त १४ अमिनो आम्लांची साखळी आहे. शुक्राणू तिचा माग काढत पोहत येतो. जेलीला भिडला की त्याच्या टोकावरची पिशवी फुटते आणि आतून एक बारीक काडी बाहेर येते. तिच्यावर बिंडिन नावाचं प्रथिन असतं, आणि ते आपल्या जातीच्या अंड्याला धरतं, परक्या जातीच्या अंड्याला सहसा नाही. एकाच पाण्यात अनेक जाती एकाच हंगामात बीज सोडत असताना ही ओळख पटवणं किती गरजेचं आहे, हे सांगायला नको.

इथवर सगळा खटाटोप शुक्राणूने अंड्यापर्यंत पोचावं यासाठी असतो. पहिला शुक्राणू चिकटला की त्याच क्षणी अंड्याची गरज उलटी होते. आता दुसरा आत येता कामा नये.

दुसरा आला तर काय होतं, हे थिओडोर बोव्हेरी या जर्मन शास्त्रज्ञाने नेपल्सच्या सागरी प्रयोगशाळेत दाखवलं. प्रत्येक शुक्राणू स्वतःसोबत गुणसूत्रांचा एक संच आणतो, आणि पेशी दुभंगताना गुणसूत्रं दोन टोकांना ओढणारी यंत्रणाही आणतो. दोन शुक्राणू आत शिरले की दोन टोकांऐवजी चार टोकं तयार होतात. गुणसूत्रं चारी बाजूंना ओढली जातात, अंडं एकदम चार पेशींत फुटतं, आणि कुणाच्या वाट्याला कोणतं गुणसूत्र येईल याचा काही धरबंध राहत नाही. असे भ्रूण जवळजवळ सगळे मरतात. बोव्हेरीने त्या चार पेशी वेगळ्या करून वाढवल्या, तर चारही वेगवेगळ्या तऱ्हेने बिघडल्या. यावरून १९०२ मध्ये त्याने निष्कर्ष काढला की गुणसूत्रं एकमेकांच्या बदली चालत नाहीत. प्रत्येकाकडे स्वतःचं वेगळं काम आहे. पुढे १९१४ मध्ये त्याने हाच धागा कर्करोगापर्यंत नेला. गुणसूत्रांची अशी चुकीची वाटणी शरीरातल्या एखाद्या पेशीत झाली तर ती बेबंद वाढू शकेल, असं त्याने मांडलं. आज कर्करोगाच्या गाठीतल्या पेशींची गुणसूत्रं तपासतात, त्या विचाराच्या मुळाशी दोन शुक्राणूंनी बिघडलेलं सी-अर्चिनचं अंडं आहे.

म्हणजे दुसऱ्याला अडवणं हा अंड्यासाठी जीवनमरणाचा प्रश्न आहे, आणि पृष्ठभागावर तर शुक्राणूंची गर्दी झालेली असते. अंडं हे काम दोन टप्प्यांत करतं.

पहिला टप्पा विजेचा. शांत अंड्याच्या पटलावर सुमारे उणे ७० मिलिव्होल्ट विद्युतदाब असतो, म्हणजे आतली बाजू बाहेरच्या मानाने ऋण. पहिला शुक्राणू जोडला गेला की सोडियमचे आयन आत घुसतात आणि एक ते तीन सेकंदांत हा दाब अधिक २० मिलिव्होल्टपर्यंत चढतो. अशा धन झालेल्या पटलाशी दुसरा शुक्राणू एकरूप होऊ शकत नाही. लॉरिंडा जॅफी या अमेरिकन संशोधिकेने १९७६ मध्ये हे सिद्ध केलं, आणि तिची पद्धत मला फार देखणी वाटते. तिने अंड्यात सूक्ष्म विद्युताग्र खुपसून दाब आपल्या हातात घेतला. फलन झालेलं नसतानाच दाब धन करून ठेवला, तर शुक्राणू अंड्याला नुसते चिकटून राहिले, आत कुणीच शिरलं नाही. उलट फलनानंतर दाब ऋणच धरून ठेवला, तर एकापाठोपाठ एक आत शिरत गेले. कारण आणि परिणाम इतके स्वच्छ वेगळे करून दाखवणारे प्रयोग शरीरक्रियाशास्त्रात थोडेच आहेत.

या झटपट बंदोबस्ताची चाहूल मात्र आधीच एकाला लागली होती. अर्नेस्ट एव्हरेट जस्ट, जन्म १८८३, अमेरिकेतला कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ. मॅसॅच्युसेट्समधल्या वूड्स होल इथल्या सागरी प्रयोगशाळेत तो वर्षानुवर्षं उन्हाळ्यात काम करत असे. सागरी अंडी कशी हाताळावीत, कोणत्या पाण्यात ठेवावीत, निरोगी अंडं कसं ओळखावं, यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. अंड्याभोवतीचं आवरण वर उचललं जाण्याआधीच पृष्ठभागावरून एक बदल लाटेसारखा पसरतो आणि त्यानंतर दुसरा शुक्राणू आत जाऊ शकत नाही, हे त्याने नुसत्या बारकाईच्या निरीक्षणाने टिपलं. पेशीचं केंद्रकच सगळं ठरवतं असं मानण्याच्या काळात, पेशीचा पृष्ठभागही तितकाच कर्ता आहे, असं तो ठामपणे सांगत राहिला. १९३९ चं त्याचं पुस्तक याच विषयावर आहे. वर्णभेदामुळे अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांची दारं त्याला बंद होती. वॉशिंग्टनमधल्या हॉवर्ड विद्यापीठात शिकवत, संशोधनासाठी मिळेल तिथून पैसा उभा करत तो झगडला, शेवटी युरोपात गेला. १९४० मध्ये फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात गेल्यावर त्याला काही काळ स्थानबद्ध केलं गेलं. सुटून मायदेशी आला आणि १९४१ मध्ये वारला. त्याच्या गुणांना साजेशी जागा त्याच्या देशाने त्याला कधी दिली नाही, हा विज्ञानाचाही तोटा होता.

विजेचा बंदोबस्त मिनिटभरच टिकतो. तेवढ्यात दुसरा, कायमचा टप्पा पुरा व्हावा लागतो. शुक्राणू जिथे शिरला तिथून अंड्याच्या आत साठवलेलं कॅल्शियम मोकळं व्हायला लागतं आणि ही लाट अर्ध्या मिनिटाच्या आत दुसऱ्या टोकाला पोचते. पटलाच्या लगेच खाली सुमारे १५,००० बारीक पिशव्या तयार बसलेल्या असतात. कॅल्शियमची लाट जिथून जाईल तिथल्या पिशव्या पटलाला जुळून बाहेर रित्या होतात. त्यातलं एक विकर पटल आणि त्यावरचं पातळ वेष्टण यांना जोडणारे धागे तोडतं. दुसरा पदार्थ पाणी ओढून घेतो. तव्यावरचा फुलका एका कडेने सुटून टम्म व्हावा, तसं वेष्टण शुक्राणूच्या जागेपासून सुटत सुटत सगळं वर उचललं जातं. पृष्ठभागावर चिकटलेले उरलेले शुक्राणू त्याच्याबरोबर दूर ढकलले जातात. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली हे दिसतं: एकाच्या ऐवजी दोन वर्तुळं, मध्ये स्वच्छ पोकळी. प्रत्यक्ष पाहणाऱ्याला घड्याळ बघायचं भान राहत नाही, इतकं ते झपाट्याने होतं.

आता हे वेष्टण टणक व्हायला हवं, आणि इथे एका जुन्या कोड्याचं उत्तर येतं. ऑटो वॉरबर्गने १९०८ मध्ये, वयाच्या पंचविशीत, सी-अर्चिनच्या अंड्यांचा प्राणवायू मोजला होता. फलन होताच त्यांची प्राणवायूची मागणी कित्येक पटींनी वाढते, असं त्याला आढळलं. वाढीला लागलेली पेशी जास्त श्वास घेते, असा सरळ अर्थ त्याने काढला. त्याच प्रश्नाचा पाठपुरावा करत तो पुढे कर्करोगाच्या पेशींकडे वळला आणि श्वसनाच्या विकरावरच्या कामासाठी १९३१ चं नोबेल मिळवलं. पण अंड्यातला हा प्राणवायू जातो कुठे, हे सत्तर वर्षं गूढच राहिलं. १९७८ मध्ये उलगडा झाला. पहिल्या काही मिनिटांतला त्याचा मोठा वाटा श्वसनात जातच नाही. अंडं त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतं, जखम धुवायला औषधाच्या दुकानात मिळतं तेच. त्याच्या जोरावर एक विकर वेष्टणातल्या प्रथिनांना एकमेकांशी कायमचं जखडून टाकतं. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जिवाणू मारायला जी रासायनिक युक्ती वापरतात, तीच इथे कवच घडवायला वापरली जाते. पेरॉक्साइड अंड्यालाही घातक, म्हणून त्याचा नाश करणारं ओव्होथायॉल नावाचं द्रव्य अंड्यात आधीच भरून ठेवलेलं असतं. वॉरबर्गचं मोजमाप अचूक होतं, फक्त त्याचा अर्थ लागायला दोन पिढ्या जाव्या लागल्या.

दार बंद झालं की अंडं कामाला लागतं. आतली आम्लता कमी होते आणि प्रथिनं बनवण्याचा वेग वाढतो. विशेष म्हणजे या प्रथिनांच्या सूचना बाळाच्या जनुकांतून येत नाहीत. आईने त्या आरएनएच्या रूपात अंड्यात आधीच ठेवून दिलेल्या असतात. एथेल ब्राउन हार्वी या संशोधिकेने १९३६ मध्ये अर्बेशियाची अंडी वेगाने फिरवून त्यांचे दोन तुकडे केले. ज्या तुकड्यात केंद्रक नव्हतं, तोही योग्य द्रावणात ठेवल्यावर दुभंगायला लागला आणि विभाजन बरंच पुढे गेलं. त्याच्यात आईचं केंद्रक नव्हतं, बापाचंही नव्हतं. पुरा जीव त्यातून झाला नाही, पण सुरुवात आईच्या शिदोरीवर होते हे त्यातून उघड झालं.

या शिदोरीतूनच १९८२ च्या उन्हाळ्यात टिम हंट यांना सायक्लिन हे प्रथिन सापडलं. वूड्स होलमध्ये ते अर्बेशियाच्या अंड्यांत नवी बनणारी प्रथिनं किरणोत्सारी अमिनो आम्लाने खूण करून पाहत होते. बहुतेक प्रथिनांचा पट्टा वेळेगणिक गडद होत गेला. एक पट्टा मात्र गडद व्हायचा आणि पेशी दुभंगायच्या सुमारास अचानक नाहीसा व्हायचा, पुन्हा गडद, पुन्हा नाहीसा. पेशीने कधी दुभंगायचं, हे या चढउतारावर ठरतं. यीस्टपासून माणसापर्यंत हीच व्यवस्था आहे, आणि ती बिघडणं हा कर्करोगाचा एक गाभा आहे. हंट यांना त्यासाठी २००१ मध्ये नोबेलचा वाटा मिळाला.

वूड्स होलचं नाव निघालं म्हणून एक हकीकत सांगायलाच हवी. जपानमध्ये टोकियो विद्यापीठाचं मिसाकी इथे सागरी केंद्र आहे. युद्धात जपानी नौदलाने ते छोट्या पाणबुड्यांसाठी घेतलं होतं. १९४५ मध्ये जपान शरण आल्यावर अमेरिकन सैन्य केंद्रात येणार, हे कळलं तेव्हा कात्सुमा दान या गर्भवैज्ञानिकाने कुंचल्याने इंग्रजीत एक फलक लिहून दारावर लावला. तुमच्या देशात वूड्स होल आहे, तशीच ही जागा आहे. युद्धाचं सामान हवं तर नष्ट करा, पण अभ्यासाची साधनं विद्यार्थ्यांसाठी राखा, आणि काम झालं की आम्हाला परत येऊ द्या, असा त्याचा आशय होता. खाली नाव नव्हतं. सर्वांत शेवटी बाहेर पडणारा माणूस, एवढीच ओळख. दान वूड्स होलला काम करून आले होते. त्या वर्षाअखेर केंद्र विद्यापीठाला परत मिळालं आणि तो फलक वूड्स होलला पोचला. सात वर्षांनी, १९५२ मध्ये, दान आणि अमेरिकन डॅनियल माझिया यांनी मिळून सी-अर्चिनच्या अंड्यांतून गुणसूत्रं ओढणारी यंत्रणा प्रथमच अखंड वेगळी काढली. त्याच वर्षी दान यांच्या अमेरिकन पत्नी जीन यांनी शुक्राणूच्या टोकावरच्या त्या पिशवीचं फुटणं वर्णन केलं.

पुढची वाटचाल थोडक्यात. अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्यावरच्या जांभळ्या सी-अर्चिनमध्ये, १५ अंश सेल्सियस पाण्यात, पहिलं विभाजन सुमारे दीड तासाने होतं. हान्स ड्रिश यांनी १८९१ मध्ये दोन पेशींचा भ्रूण हलवून वेगळा केला, तर प्रत्येक पेशीतून पूर्ण, फक्त लहान, डिंभ (लार्व्हा) झाला. जुळी भावंडं कशी होत असतील ते त्यातून कळलं. सोळा पेशींच्या टप्प्यावर एका टोकाला चार अगदी लहान पेशी दिसतात. डिंभाचा सांगाडा बांधण्याचं काम त्यांच्या वंशजांकडे जातं. दिवसभराच्या आत भ्रूण एक विकर सोडून ते टणक वेष्टण स्वतःच विरघळवतो आणि पोहायला लागतो. तीन-चार दिवसांत चुनखडीच्या काड्यांचा सांगाडा असलेला, लांब हातांचा, डावी-उजवी बाजू असलेला डिंभ तयार होतो. तो आठवडेच्या आठवडे सूक्ष्म शैवाल खात तरंगतो. त्याच्या डाव्या अंगात पाच बाजूंचा छोटा सी-अर्चिन वाढत असतो. योग्य तळ मिळाला की तासाभरात तो बाहेर येतो आणि डिंभाचं जुनं शरीर आक्रसून संपतं.

या सांगाड्यावर आज संकट आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड समुद्रात विरघळून पाणी आम्लाकडे झुकतंय, आणि अशा पाण्यात चुनखडी रचायला जास्त कष्ट पडतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आम्लयुक्त पाण्यात वाढवलेले जांभळ्या सी-अर्चिनचे डिंभ वरवर अगदी ठीक दिसत होते, आकारही तोच होता. पण आत मोजल्यावर कळलं की प्रथिनं बनवणं आणि आयन ढकलणं या दोनच कामांत त्यांची ८४ टक्के ऊर्जा संपत होती. उपासमार, उष्ण पाणी, आजार यांच्यासाठी हाताशी फार थोडं उरत होतं. नुसत्या डोळ्यांनी पाहून प्राणी सुखरूप आहे असं म्हणू नये, हा धडा मला यात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

आपल्याकडे मालवण आणि रत्नागिरीच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी सी-अर्चिन पाहता येतात. त्याच खडकांवरची कालवंही आपलं बीज असंच पाण्यात सोडतात. या प्राण्यांचं फलन शेजाराच्या भरवशावर चालतं. नरापासून थोड्याशा अंतरावरही शुक्राणू इतके विरळ होतात की बरीच अंडी कोरीच राहतात. १९८३ मध्ये कॅरिबियन समुद्रात एका रोगाने लांब काट्यांचे सी-अर्चिन जवळजवळ संपले. वाचलेले एकमेकांपासून दूर दूर पडले आणि अनेक ठिकाणी त्यांची संख्या दशकानुदशकं सावरली नाही. म्हणून किनाऱ्यावर गेलात आणि कपारीत काटे हलताना दिसले, तर बसून हवं तेवढं निरखा, मुलांना दाखवा, पण आठवण म्हणून उचलून आणू नका आणि गंमत म्हणून दुसऱ्या खडकावर टाकू नका. त्याला त्याच्या शेजाऱ्यांजवळच राहू द्या.